गरम पाण्यात पाहिला नाय

चहावर साय धरली की घरातली बाकीची माणसं ती चमच्यानं काढून बशीच्या कडेला लावतात. मी ती अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून चोळतो आणि मग बोट नाकाशी नेतो. निदान पाहुण्यांसमोर तरी हे करू नका, असं बायकोनं मला शंभरदा सांगून झालंय. ही सवय मुळात माझी नाही, कचरूनानांची आहे. त्यांच्याकडून मी जे काही घेतलं, त्यातली चारचौघांत सांगता येईल अशी ही एवढी एकच गोष्ट.

कचरूनाना आमच्या गॅरेजचे हेडमिस्त्री. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठची शेड होती, तिथं त्यांच्या ट्रकांची दुरुस्ती चाले, आणि त्या शेडचा मी इनचार्ज होतो. नाना देवगाव रंगारीचे. घरी थोडी शेती, ती भाऊ बघायचा. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं कचरू. "यमाला बी घाण आवडत नाय, साहेब. म्हणून तर मी राहिलो," असं ते ग्रीसनं माखलेले हात पुढे करून सांगत. दर शनिवारी दुपारी गावी जात आणि सोमवारी येताना रुमालात ओलं आलं बांधून आणत. आठवडाभर आमच्या शेडचा चहा त्या आल्यावर चाले.

माझ्या घरात तीन पिढ्या लेखणीच्या. आजोबा निजामाच्या तहसिलीत कारकून, वडील पंचायत समितीत हेडक्लार्क, आणि मी डिप्लोमा करून इंजिनियर झालो तरी वळण तेच राहिलं. मला नट नीट आवळता येत नसे, पण त्या नटावर दोन पानी अहवाल लिहायला सांगा, वाचणारा खूश. शेठही खूश असत. "कुलकर्णीसाब लिखते अच्छा," हे त्यांचं माझ्याबद्दलचं ठरलेलं वाक्य होतं, आणि मला त्याचा अभिमान होता हे आता सांगायला लाज वाटते.

नानांची खासियत एकाच आजारात होती, पाण्यात तेल. ट्रकच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आत स्वच्छ पाणी दिसायला हवं. कधीकधी त्यावर खाकी रंगाची साय दिसते, थेट जास्त उकळलेल्या चहासारखी. म्हणजे इंजिनातलं तेल कुठून तरी पाण्यात शिरलंय. आता इंजिनात तेल आणि पाणी तीनचार ठिकाणी शेजारीशेजारी नांदतात, मध्ये एक पातळ भिंत असते. भिंत कुठली फुटली हे कळेपर्यंत गाडी उघडायची म्हणजे आंधळी कोशिंबीर. आणि उघडायला सगळ्यात अवघड असतं ते हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं. घाईतला मिस्त्री आधी तेच उघडतो. नाना ते सगळ्यात शेवटी उघडत.

त्यांची तपासणी लग्नपत्रिकेवर होई. हे खरंच आहे. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या साध्या, खरखरीत कागदाच्या पत्रिका ते कधी टाकून देत नसत. लग्न लागून पोरंबाळं झाली तरी त्या पत्रिका नानांच्या वरच्या खिशात असत. रेडिएटरमधली साय बोटावर घ्यायची, चोळायची, वास घ्यायचा आणि मग तिचा एक थेंब पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर टाकून ती उन्हात धरायची. डिझेल असेल तर डाग पसरत जातो, इंजिनऑइल असेल तर मध्ये काळा ठिपका धरून बसतो. मग खाली पेन्सिलीनं गाडीचा नंबर आणि एक ओळ. पुढं चिरंजीव अमुक आणि चि. सौ. कां. तमुक, मागं गाडीचं दुखणं. अशा पत्रिकांचा त्यांच्या कपाटात एक जुडगा होता, आणि दोन वर्षांपूर्वीच्या गाडीबद्दल विचारलं तरी नाना त्यातून बरोबर ते लग्न काढून दाखवत.

शेठच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा शेठ स्वतः शेडमध्ये पत्रिका वाटायला आले होते. मखमली पाकीट, आत सोनेरी अक्षरं, कागद आरशासारखा गुळगुळीत. नानांनी दोन्ही हातांनी ती घेतली, कपाळाला लावली, आणि सवयीनं उलटी करून अंगठा फिरवला. शेठ बघतच होते. नाना मान हलवून म्हणाले, "पत्रिका लई भारी हाय, शेठ. पर कामाची नाय." शेठला त्यातलं काही कळलं नाही. आम्ही मात्र दिवसभर हसत होतो.

नानांचा दुसरा नियम असा की गाडीच्या आधी माणसाला विचारायचं. एकदा सोयगावकडचा अशोक नावाचा ड्रायव्हर रडवेल्या चेहऱ्यानं आला. रेडिएटरभर तेल. नवी गाडी, इंजिन गेलं, आता शेठ घरी बसवणार, असं त्यानं मनाशी धरलेलं. नानांनी त्याला आल्याचा चहा पाजला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "रस्त्यात पाणी कशानं भरलंस रं?"

"डब्यानं," अशोक म्हणाला.

"आण बरं तो डबा."

अशोकनं केबिनमधून पाच लिटरचा डबा आणला. नानांनी आत बोट फिरवून बाहेर काढलं तर बोट काळं. ज्या डब्यातून त्यानं आदल्या आठवड्यात इंजिनात ऑइल ओतलं होतं, त्याच डब्यानं हापशावरून पाणी आणून रेडिएटर भरला होता. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. नानांनी साबणाचं पाणी घालून रेडिएटर तीनदा धुतला आणि गाडी दुपारी लाइनवर गेली.

अहवालात काय लिहू, म्हणून मी विचारलं. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा हे शब्द माझ्या लेखणीच्या टोकावर आलेच होते. नाना म्हणाले, "रेडिएटर धुतला, एवढंच लिवा. मानसाची चूक डब्यातच राहू द्यावी, साहेब. डबा फेकून दिला की संपलं." मी तसं लिहिलं. नंतर कितीतरी दिवस अशोक शेडमध्ये आला की आधी नानांच्या पाया पडे आणि नाना त्याला लाथ मारल्याचं सोंग करत.

माझ्या पुस्तकी ज्ञानाचीही ते गंमत करत, पण चारचौघांत कधी नाही. एका गाडीचं हेड गेलंय असं मी ठामपणे सांगत होतो, कारण रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येत होते. नाना मला गाडीपाशी घेऊन गेले, इंजिन सुरू ठेवलं आणि म्हणाले, "नुसतं बघा." ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर चालू होता तोवर बुडबुडे येत होते. टाकी भरून कंप्रेसर थांबला की बुडबुडेही थांबले. परत ब्रेक दाबून हवा सोडली, कंप्रेसर चालू झाला, बुडबुडे सुरू. "आता हेडचा काय गुन्हा हाय, सांगा," नाना हळूच म्हणाले. त्या दिवशी मला वाटलं की हा माणूस आपल्याला जन्मभर पुरेल.

पुरला नाही. त्याला कारण मीच आहे.

गाडी कुठली होती ते आजही तोंडपाठ आहे, पण नंबर इथं कशाला. सकाळी ती शेडला लागली, रेडिएटरवर साय. नानांनी चोळून, हुंगून पाहिली, पत्रिकेवर थेंब टाकला. इंजिनऑइल. पाण्यात बुडबुडा एकही नाही. "हेड नाय. ऑइल कूलर," नाना म्हणाले. कूलर म्हणजे ज्या डबीत तेलाच्या बारीक नळ्यांभोवती पाणी फिरतं आणि तेल थंड होतं, ती. ती काढली, एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा सोडली आणि टाकीतल्या पाण्यात बुडवली. नळी फुटली असेल तर बुडबुडे यायला हवेत. एकही आला नाही.

शेठचा तोवर तीनदा फोन येऊन गेला होता. माल भरलेला, गाडी संध्याकाळच्या आत धुळ्याच्या रस्त्याला लागायला हवी.

"कूलर तर बरा आहे, नाना," मी म्हणालो.

"गार पाण्यात बरा हाय," ते म्हणाले. "गार पाण्यात पत्रा आखडून बसतो, चीर दिसत नाय. मागल्या बाजूला अर्धा ड्रम हाय, त्याच्यात पाणी उकळतो, त्याच्यात बुडवून बघू. दोन तास द्या."

दोन तास. त्या वेळी मला ते फार वाटले. मी म्हणालो, कूलरमधून हवा येत नाही म्हणजे कूलर नाही, पुस्तकात असं असं लिहिलंय, हेडखालच्या पातळ पट्टीतून, म्हणजे गॅस्केटमधूनही तेल येऊ शकतं, हेड उघडा. नानांनी हातातला कूलर खाली ठेवला. मग "तुमी म्हणताय तर," एवढं बोलून पाने घ्यायला गेले.

हेड उघडलं. गॅस्केटवर एका छिद्राशी काळसर डाग होता. मी लगेच बोट ठेवलं, "हे बघा." नाना म्हणाले, "डाग जुना हाय." मी ऐकलं नाही. नवं गॅस्केट बसलं, कूलर होता तोच परत लागला, रेडिएटर धुतला. ते सगळं नानांनी स्वतःच्या हातानं केलं, आणि त्यांचं काम नेहमीसारखंच चोख होतं. हात पुसून झाल्यावर त्यांनी सकाळची पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली. थेंबाचा डाग, गाडीचा नंबर आणि पेन्सिलीनं ओळ, 'कूलर गरम पाण्यात पाहिला नाय.' "फाइलीला लावा, साहेब," ते म्हणाले. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी कन्नडच्या घाटात गाडी उभी राहिली. तेलानं फुगलेला रबरी पाइप फुटला, पाणी सांडलं, आणि ड्रायव्हरच्या लक्षात येईतो इंजिन जाम झालं. ड्रायव्हरला काही झालं नाही, एवढंच चांगलं.

शेठ तडक शेडमध्ये आले. "हेड किसने खोला? किसके बोलने पे?" मी म्हणालो, लेखी देतो. आणि दिलं. चांगलं दिलं. एकही शब्द खोटा नव्हता त्यात. 'कूलरची तपासणी हेडमिस्त्री यांनी केली असता तो सुस्थितीत आढळला. त्यानंतर हेड उघडून गॅस्केट बदलण्यात आले. सदर काम हेडमिस्त्री यांनी केले.' हेड उघडायला कोणी सांगितलं ते त्यात नव्हतं. दोन तास कोणी मागितले आणि कोणी दिले नाहीत, तेही नव्हतं. तीन पिढ्यांची लेखणी त्या दिवशी कामाला आली.

शेठनी कागद वाचला आणि नानांना बोलावलं. वाईट बोलले नाहीत, हेच जास्त वाईट झालं. "नाना, अब उमर हो गई. गॅस्केट बैठा नहीं ठीक से. हाथ पहले जैसा नहीं रहा." नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीतली पानं सारखी करत होतो. आता हा माणूस पत्रिकेचं नाव काढणार, असं मला वाटलं. नाना म्हणाले, "असंल, शेठ."

मला तेव्हा वाटलं की त्यांनी मला वाचवलं. अशोकचा डबा फेकला तशी माझी चूकही फेकून दिली. हा समज मी पुढं किती वर्षं उराशी धरला होता. तोही चुकीचा निघाला.

त्याच आठवड्यात बाहेरच्या ज्या गॅरेजला इंजिन दिलं होतं तिथल्या फोरमनचा फोन आला. "साहेब, तुमचा कूलर चिरलेला आहे. गार पाण्यात दिसत नव्हता, गरम पाण्यात टाकला तर बुडबुडेच बुडबुडे. हेडचं काम मात्र एक नंबर झालंय, कोणी केलं?" मी ठीक आहे म्हणून फोन ठेवला. खिडकीतून नाना दिसत होते. शेडच्या दाराशी पाटावर बसून ते कागदाचं गॅस्केट कापत होते. माझ्या टेबलापासून तीसेक पावलांवर. मी उठलो, बाहेर आलो, त्यांच्या शेजारून चहाच्या टपरीपर्यंत गेलो आणि परत आलो. सांगितलं नाही. सांगायचं तर मागचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते शेठपर्यंत गेलं असतं.

महिनाअखेरीस नाना काम सोडून गेले. कोणी काढलं नाही. त्यांनी पाने तेल लावून कपाटात ठेवले, पत्रिकांचा जुडगा पिशवीत घातला, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हात गेला, साहेब." मला वाटलं, टोमणा आहे. मी मान खाली घातली.

सहा वर्षं झाली. शेठनी ट्रक विकले, शेड बंद झाली, मी दुसरीकडे लागलो. ड्रॉवर रिकामा करताना ती पत्रिका मी घरी आणली. फेकायचा धीर झाला नाही.

या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला टाकताना मी साधा, खरखरीत कागद निवडला. बायको म्हणाली, एकुलत्या एका मुलीचं लग्न आणि हे काय पुडी बांधायचे कागद. मी कागद बदलला नाही. पहिल्या पाच देवाच्या झाल्यावर सहावी घेऊन मी देवगाव रंगारीला गेलो. जुनी पत्रिका शर्टाच्या खिशात होती.

नाना ओट्यावर बसले होते. बरेच वाळले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग उठले आणि आत आवाज दिला, "साहेब आलेत, चहा ठेवा. आलं घाला." अंगणात एक ट्रॅक्टर उभा होता, बॉनेट उघडं, रेडिएटरच्या तोंडाशी चिंधी. नानांचा मुलगा त्याच्यापाशी फोनवर कन्नडच्या मिस्त्रीला लवकर ये म्हणून विनवत होता. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "पाण्यात तेल येतंय, साहेब."

मी नानांकडे पाहिलं. मुलगाच पुढं बोलला. "नाना न्हाय हात लावत. गावी आल्यापास्नं पान्याला शिवले नाहीत. आमी लई सांगून बघितलं. म्हणतात, माझ्या हातानं एका गाडीचं वाटोळं झालं."

तेव्हा मला कळलं. टोमणा नव्हता तो. वाचवणंही नव्हतं. त्यांनी शेठचं खरं मानलं होतं.

पत्रिका दिली. नानांनी कपाळाला लावली, उलटी केली, अंगठा फिरवला. "हा कागद चांगला हाय," म्हणाले. "तेल पेतो." आणि बाजूला ठेवली.

मग मी खिशातली जुनी पत्रिका काढली. त्यांनी ती दूर धरून वाचली. स्वतःचं अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. मी सांगायला सुरुवात केली आणि मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. फोनचं सांगितलं. कूलर चिरलेला होता हे सांगितलं. हेडचं काम एक नंबर, असं तो फोरमन म्हणाला होता तेही सांगितलं. माझ्या अहवालाचं सांगितलं.

नानांनी पत्रिका उन्हात धरून डाग पाहिला.

"गरम पाण्यात दिसला?" त्यांनी विचारलं.

"हो, नाना. गरम पाण्यात."

"मंग गॅसकिट बसलं हुतं."

"बसलं होतं."

"तुमाला कवा कळलं?"

"त्याच आठवड्यात."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. माफ करा, हे शब्द मी म्हणालो, पण ते इतके उशिरा आलेले होते की मलाच ते ऐकवेनात. नाना म्हणाले, "मी बायकोला बी सांगितलं हुतं का हात गेला. ती म्हणायची, न्हाय गेला. मी तिच्यावर वरडायचो." त्यांची बायको दोन वर्षांमागं वारली, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, तो मी आल्यापासून पाहूनही पाहिला नव्हता.

चहा आला. त्यावर साय होती. आम्ही दोघांनीही ती न काढता चहा प्यायला.

लग्नाला या, असं मी निघताना पुन्हा म्हणालो. ते "बघू" म्हणाले. मी गाडी वळवून रस्त्याला लावली आणि आरशात पाहिलं. नाना ओट्यावरून उतरून ट्रॅक्टरपाशी जाऊन उभे होते. रेडिएटरच्या तोंडातली चिंधी त्यांनी काढली नव्हती. डाव्या हातात ती जुनी पत्रिका होती, आणि उजव्या हाताचा अंगठा ते पहिल्या बोटावर घासत होते. बोटावर काहीच नव्हतं.